डोंग्यावरचा रोबोट आणि राहिलेली वीस मिनिटं

सिनेमा दाखवायला अंधार लागतो, आणि आमच्या भागात अंधार पडायच्या आत घरी जावं लागतं. माझा सगळा धंदा या दोन गोष्टींच्या मध्ये अडकलेला आहे.

पूर्वी असं नव्हतं. चौकात दोन बांबू रोवायचे, पांढरं कापड ताणायचं, जेवणं आटोपून लोक आपापली बोरी घेऊन बसायला यायचे. आता वाघाचं फिरणं वाढलं. धानाच्या बांधीत येतो, बोडीवर पाणी प्यायला येतो. पाच वाजले की माणसं घरात. म्हणून मी सिनेमा दुपारी दाखवते. शाळेची खोली, समाजमंदिर, धानाचं गोदाम, जे मिळेल ते. खिडक्यांना पोती ठोकायची, फटींत कापडाचे बोळे कोंबायचे, दाराला ताडपत्री. अंधार आता मी हाताने करते. बाहेर टळटळीत ऊन आणि आत दीडशे माणसं घामेजून बसलेली. एवढ्या पोत्यांतूनही एखादी उन्हाची तिरीप येतेच. ती भिंतीवर कुठवर चढली ते पाहून मला वेळ कळते. घड्याळ आहे मनगटावर, पण अंधारात दिसत नाही बापा.

मी सातवी शिकलेली बाई. नवरा आठवडी बाजारात व्हिडिओ दाखवायचा. तो गेला, सामान घरात पडून राहिलं. मी एक दिवस वायरी जोडून पाहिल्या. दोनदा शॉक बसला, तिसऱ्यांदा चित्र आलं. तेव्हापासून करून राहिले आहे. आता प्रोजेक्टर आहे, लॅपटॉप आहे, दोन भोंगे आणि एक जनरेटर आहे. गाडी नामदेव भाऊंची, ते पन्नाशीचे आणि अबोल. मी बोलते तेवढं दोघांना पुरतं. गावोगाव मला सिनेमाबाई म्हणतात.

पण खरं काम चित्र दाखवण्याचं नाही, सांगण्याचं आहे. सिनेमा हिंदीत असतो. तरण्या पोरांना समजतो, म्हाताऱ्यांना अर्धा समजतो, जंगलातल्या टोल्यांवरच्या बायांना त्याहून कमी. म्हणून मी माईक घेऊन बाजूला बसते आणि आपल्या बोलीत सांगत जाते. भामरागडकडे गेले की तिथली एखादी शिकलेली पोरगी शेजारी बसवून तिच्याकडून माडियात सांगून घेते. यात दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. एक, लोक हसत असताना बोलायचं नाही. दुसरी, सिनेमा आधी स्वतः शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय लोकांपुढे लावायचा नाही. ही दुसरी गोष्ट मी एकदाच मोडली, त्याचंच हे लिहिते आहे.

त्याआधी एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. नागभीडकडे एक चहावाले होते. दर वेळी ते कापडाच्या मागच्या बाजूला बसून सिनेमा पाहायचे. तिकडून सगळं उलटं दिसतं, डावं ते उजवं. मी म्हटलं, भाऊ, पुढे या ना. ते म्हणाले, इथी गर्दी नाई, आन् गोष्ट तर तेच आहे ना. वरोऱ्याला याच्या अगदी उलट. एका हॉलमध्ये शंभर पोरं, आईबाप मागे खुर्च्यांवर, प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल. मी सांगत राहिले, कोणी ऐकत नव्हतं. अशा दिवशी घरी आल्यावर जेवण जात नाही.

तर तो रोबोटाचा सिनेमा. नागभीडच्या पलीकडचं एक गाव, नाव लिहीत नाही. जानेवारीचा महिना, धान निघालं होतं. शाळेच्या गुरुजींनी बोलावलं होतं, लहान मुलांसाठी कार्टून सिनेमा. गावची मुलं आणि दोन किलोमीटरवरच्या टोलीची मुलं. टोली म्हणजे जंगलातली पंचवीसेक घरं, बहुतेक गोंडांची. तिथून गावात यायला जंगलातली पायवाट. गाडीरस्ता आहे, पण तो नऊ किलोमीटर फिरून जातो. मुलांना एकटं कसं पाठवायचं म्हणून आयाबाया, आजे, सगळेच पोचवायला आले. फॉरेस्टवाल्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की वाट तुडवायची तर पाचच्या आत टोलीवर पोचा. त्याच आठवड्यात वाटेच्या ओढ्यात पंजे उमटलेले दिसले होते.

सिनेमा माझ्याकडे आदल्या दिवशीच आला. जेवण झाल्यावर पाहायला बसले. अर्ध्याच्या पुढे गेले, आणि दिवसभराची दमलेली, डोळा लागला. सकाळी म्हटलं, कार्टूनच तर आहे, शेवटी सगळं चांगलंच होत असेल.

एकचा टाईम दिला होता. गोदामात पोती होती, ती सरकवण्यात अर्धा तास गेला. मग पंचायतीचे एक मेंबर यायचे होते, त्यांची वाट पाहिली. ते आले, नारळ झाला, दोन शब्द म्हणाले आणि मग शंभर दोनशे आणखी म्हणाले. लावला तेव्हा अडीच वाजायला आले होते. मी मनात हिशेब केला, दीड तासाचा सिनेमा, चारला सुटेल, पाचच्या आत टोलीवर. जमते.

मोठी माणसं आधी दारातच उभी होती. हे पोट्ट्याईचं आहे, आमी का करू पाहून, असं चाललं होतं. दहा मिनिटांत सगळे आत, आणि तेही पुढे. फेटेवाले पुढे बसले, पोट्टे मागे. मी माईकवरून सांगितलं, मोठ्यांनो, मागे सरका. कोणी हललं नाही. मग पोट्टेच त्यांच्या मांड्यांवर जाऊन बसले आणि भांडण मिटलं.

गोष्ट अशी. एक रोबोट असतो, म्हणजे लोखंडाचा, विजेवर चालणारा माणूस. तो नदीच्या घाटावर नाव चालवत असतो. नदीवर पूल होतो. लोक पुलावरून जायला लागतात, रोबोटाला कोणी विचारत नाही. एक दिवस त्याच्या नावेत बकरीचं एक करडू राहून जातं. कोणाचं आहे ते माहीत नाही, गळ्यात फक्त गावाच्या नावाची पाटी. रोबोट म्हणतो, ही माझी सवारी आहे, हिला पोचवून द्यावं लागेल. आणि चालू लागतो. त्याच्या छातीवर तीन हिरवे दिवे. वीज संपत जाते तसा एक एक विझतो.

रोबोट म्हणजे काय हे सांगायला मला वाटलं होतं वेळ लागेल. पण पुढे बसलेल्या एका बुढ्याने मला बाजूला सारून लोकांना दोन शब्दांत सांगितलं, टिनाचा सालगडी आहे. झालं, सगळ्यांना समजलं. लगेच प्रश्न सुरू झाले. मालक कोण? याले खायाले का देतेत? पोळ्याची सुट्टी भेटते का नाई? मी एकेकाला उत्तरं देत बसले, सिनेमा थांबवून. त्यात दहा मिनिटं गेली.

तो बुढा म्हणजे सोमाजी भाऊ. ढिवर. वैनगंगेच्या एका घाटावर त्यांनी तीस पावसाळे डोंगा, म्हणजे लाकडी नाव, चालवला होता. तिथे पूल झाला, डोंगा काठावर उलटा पडला, आणि ते टोलीला मुलीकडे येऊन राहिले. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की बाकीचे हसतात तेव्हा हा माणूस हसत नाही, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहतो आहे.

मग आली ती जागा. करडू रोबोटाच्या हातातला नकाशा खाऊन टाकतं. रोबोटाला जनावराचं काही माहीत नाही. त्याला वाटतं, आत गेला तर बाहेर येईल. म्हणून तो करडाच्या मागे ओंजळ धरून उभा राहतो. बराच वेळ. मग ओंजळीत पडतात त्या लेंड्या. तो त्या जमिनीवर मांडून नकाशा जुळवायला बसतो.

गोदाम फुटेल असं हसले लोक. पोट्टे हसले त्याच्या दुप्पट म्हातारे. एक बाई हसता हसता कडेला कलंडली, तिला दोघींनी उचललं. आणि ओरडा झाला, पुन्हा लावा. पोट्ट्यांचा नाही हो, मोठ्यांचा.

मी पुन्हा लावला. आणि पुन्हा. रीळ होतं तेव्हा हे जमत नव्हतं, गेलं ते गेलं. आता बोटाने मागे सरकवता येतं, हीच वाईट खोड लागली. माणसं हसायला लागली की माझ्याच्याने राहवत नाही. पाच वेळा लावली मी ती जागा, मागून पुढून वाढवून. पाचव्यांदा सोमाजी भाऊ वळून म्हणाले, "बाई, त्याले पुढं जाऊ द्या जी. त्याची वीज सरून राह्यली."

तेव्हा माझं लक्ष भिंतीवर गेलं. तिरीप छताला लागली होती. बाहेर जाऊन घड्याळ पाहिलं, सव्वाचार. सिनेमा वीस मिनिटं उरलेला. जानेवारीचं ऊन, पाहता पाहता पिवळं होतं.

मी आत येऊन उभी राहिले. पडद्यावर एकच दिवा उरला होता, तोही मिचमिच करत होता. पुढे मोठी नदी, पलीकडे करडाचं गाव, ओलांडायला नाव कुठेच नाही, आणि रोबोटाला पाण्यात उतरायची मनाई. वीस मिनिटं म्हणजे काय, असं एकदा मनात आलं. लोकांचे चेहरे पाहिले, तेव्हा अजूनच आलं. पण ती वीस मिनिटं जंगलाच्या वाटेवर शेवटी कमी पडली असती. मी बंद केला. ताडपत्री ओढली, ऊन आत आलं.

पोट्टे रडले ते जाऊ द्या. मोठी माणसं अशी चिडली की गुरुजी मध्ये उभे राहिले. एक जण म्हणाला, आमाले वाघ खाईन तर खाईन, याचं का झालं ते सांग. मी म्हटलं, आठ दिवसांनी येऊन दाखवते, शब्द देते. आमच्याकडे एक रीत आहे, ज्याने माणसाला उशीर केला त्याने त्याला पोचवून द्यायचं. मी ती मोडणार नव्हते. लेकुरवाळ्या बाया आणि चिमणी पोरं नामदेव भाऊंच्या गाडीत कोंबली, ते नऊ किलोमीटरच्या रस्त्याने निघाले. बाकीच्यांसोबत मी पायी. तिकडून मी गाडीने परत येणार होते. सोमाजी भाऊंना गाडीत बसा म्हटलं तर म्हणाले, पोट्टे बसू द्या.

वाटेत मोठ्याने बोलत जायचं असतं. वाघाला माणसाची चाहूल लागली की तो बाजूला होतो. कोणी ताट वाजवतं, कोणी गाणं म्हणतं. अर्धी वाट अशीच गेली. ओढ्याजवळ आलो आणि डावीकडच्या झाडावर वानर खाकरलं. एकदा. मग पुन्हा. वानर उगाच खाकरत नाही. सगळे गप्प झाले, ताट थांबलं. आणि नेमकं तेव्हा गप्प राहायचं नसतं.

सोमाजी भाऊ पुढे काठी आपटत चालले होते. न वळता म्हणाले, "बाई, सांगा न. मंग का झालं? त्याले काम भेटलं का?"

मला काय माहीत. मी पाहिलाच नव्हता. पण तिथे, त्या ओढ्यात, मला माहीत नाही असं कसं म्हणणार? चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती. मी घसा खाकरला आणि जेवढा आवाज निघेल तेवढ्याने सांगायला लागले. की पलीकडच्या गावाने रोबोटाला पाहिलं. की त्यांनी नाव पाठवली. नावेत बसवून नेलं, विजेच्या खांबाला जोडलं, तिन्ही दिवे लागले. आणि करडाची मालकीण म्हणाली, आता तू कुठे जाऊ नको, आमचे पोट्टे शाळेत जायला नदी ओलांडतात, तू त्यांना ने-आण कर. पगार देऊ, राहायला जागा देऊ. मी सांगत गेले, मध्ये थांबत, पुन्हा सांगत. ओढा मागे पडला. वानराचा आवाज मागे पडला. पाचला दहा मिनिटं असताना टोलीचे कुत्रे भुंकले.

सोमाजी भाऊ एवढंच म्हणाले, "म्हंजे ठेवून घेतलं त्याले." आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी घरी मी उरलेली वीस मिनिटं पाहिली. पाहिली आणि लॅपटॉप बंद करून अंगणात येरझारा घालत राहिले.

तिथे कोणी नाव पाठवत नाही. रोबोट करडाला दोन्ही हातांवर उंच धरतो आणि पाण्यात उतरतो. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, गळ्याएवढं पाणी. पलीकडच्या खडकापासून दोन हातांवर असताना छातीवरचा शेवटचा दिवा विझतो. हात वरच राहतात. करडू उडी मारून खडकावर जातं, कोरडं. रोबोट तिथेच उभा. मग पुष्कळ वर्षं गेल्याचं दाखवतात. नदीत तो अजून तसाच, हातावर बगळे बसलेले, आणि त्या गावचे लोक त्याच्या दंडाला आपल्या नावा बांधतात.

चांगला शेवट होता. माझ्यापेक्षा चांगला. पण माझा नव्हता.

त्या आठ दिवसांत मला धड झोप नाही. एकदा वाटे, पुढच्या वेळी मशीन बिघडलं म्हणावं. एकदा वाटे, लोक विसरले असतील. मग गुरुजींचा फोन आला. हसत सांगत होते. म्हणाले, सोमाजी शाळेत आला होता. म्हणतो, टोलीच्या पोट्ट्याईले जंगलातून न्याले-आनाले मले ठेवा. त्या रोबोटाले ठेवलं ना, तसं. गुरुजी, मी तीस वर्षं सवाऱ्या पोचोल्या, एक बुडू देल्ली नाई. गुरुजींनी सांगितलं, बाबा, अशी जागाच नसते. तो बराच वेळ पायरीवर बसला आणि गेला. गुरुजींना ती गंमत वाटली. मी फोन ठेवला तेव्हा माझ्या हातातलं भांडं कुठे ठेवलं तेही मला आठवत नव्हतं.

आठव्या दिवशी अकरा वाजताच लावला. मेंबर आले नाहीत, चांगलं झालं. सगळी माणसं परत आली, उलट जास्त आली. सोमाजी भाऊ त्याच जागी, गुडघ्यांवर हात. लेंड्यांची जागा एकदाच दाखवली. जिथे थांबलो होतो तिथे आलं, तसं मी सिनेमा थांबवला. लोक हसले, त्यांना वाटलं ही पुन्हा आपल्याला घरी पाठवते.

मी माईक घेतला. म्हटलं, त्या दिवशी वाटेत मी जे सांगितलं ते या सिनेमातलं नाही. मी शेवट पाहिला नव्हता. मी भ्याले होते, म्हणून मनाचं सांगितलं. चुकलं माझं.

मग पुढच्या रांगेतून टोलीची एक आठ-नऊ वर्षांची पोरगी, रोशनी नाव तिचं, म्हणाली, "आमाले मालूम होतं न मावशी. खरं सांगता तवा तुमी थांबत नाई. त्या दिवशी घडी घडी थांबून राह्यल्या होत्या."

पोट्टे हो हो म्हणाले. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. मला हसू येणार तेवढ्यात सोमाजी भाऊ माझ्याकडे न पाहता बोलले.

"मले नोतं मालूम."

इतक्या वर्षांत माझ्या हातात माईक असा जड झाला नव्हता. मी विचारलं, लावू का पुढचं, का राहू देऊ. ते म्हणाले, लावा.

मी लावला. त्या वीस मिनिटांत मी एक शब्दही सांगितला नाही, सांगायची गरज नव्हती. दिवा विझला तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले. मघाशी लेंड्या पाहून हसत लोळणाऱ्या एका दांडग्या माणसाने मांडीवरच्या पोराच्या डोक्यात तोंड खुपसलं. पोरगं मात्र टक लावून पाहत होतं.

पोती काढली, ऊन आलं. एक वाजला होता, घाई कसलीच नव्हती. लोक बाहेर उभे राहून बोलत होते, मावशीचा शेवट बरा की सिनेमातला. बाया माझ्या बाजूने होत्या, पोट्टे सिनेमाच्या. मी सोमाजी भाऊंना शोधलं. ते गोदामाच्या सावलीत काठी घेऊन उभे होते.

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही गुरुजींकडे गेलात ते माझ्यामुळे. मला माफ करा.

"गेलो तर गेलो. इचाराले का लागते." मग म्हणाले, "थे पिल्लू कोरडं पोचलं न?"

पोचलं, मी म्हटलं.

"मंग झालं जी. सवारी उतरली का आपल्या वाटेनं जाते. मागं वळून डोंग्याकडं कोणी पाह्यत नाई. आमी कधी म्हणलं बी नाई, का पाहा म्हून."

त्यांनी टोलीच्या पोट्ट्यांना हाक मारली. कोणी ठेवलं नव्हतं, पगार नव्हता, तरी पोट्टे आपसूक त्यांच्या मागे रांगेत लागले, त्यांच्या मागे मोठे. काठी आपटत ते पायवाटेला लागले.

नामदेव भाऊंनी सामान भरून झाल्याचा हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी वाटेच्या तोंडाशी उभी होते. त्यांचं शेवटचं माणूस पळसांच्या आड होईपर्यंत पाहत राहिले, आणि त्यानंतरही थोडा वेळ.